अब्दुल करीम खाँसाहेब आणि मिरजेचा तंबोरा

उरुसाच्या दिवसांत मिरजेला जाऊन ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात रात्रभर गाणे ऐकून आलेले रसिक आपल्या कोल्हापुरात घरोघर सापडतील. त्या आवारातच संगीतरत्न अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तेथे गवई आपली सेवा रुजू करतात. गाणे संपले की आपण पहाटेची गाडी पकडून परत फिरतो. पण त्याच गावात सतारमेकर मंडळींची वस्ती आहे. तिथे दिवस वर आला की कानशीचा आवाज सुरू होतो, मोठमोठे भोपळे उन्हात मांडले जातात आणि एखादा कारागीर तार छेडून तिच्याकडे कान लावून बसतो. खाँसाहेबांचे चरित्र दर्ग्याच्या बाजूने पुष्कळ वेळा सांगितले गेले आहे. आज मी ते या कारागिरांच्या बाजूने सांगणार आहे. लाकडात काम करणारा माणूस गवयाचा मान कसा करतो आणि गवयाने त्या मानाची फेड कशी करावी, हे खाँसाहेबांच्या आयुष्यात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर हिंदुस्थानातील किराणा या गावचा. पूर्वी मुझफ्फरनगर जिल्ह्यात मोडणारे हे गाव तसे लहानच. पण हिंदुस्थानी संगीताच्या एका मोठ्या घराण्याने त्याचे नाव आसेतुहिमाचल नेले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्यापाशी त्यांची तालीम झाली. किराण्याच्या परंपरेत बीन आणि सारंगी या दोन वाद्यांचे वळण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. लहानपणी करीम खाँच्या हाताखालून सारंगी, सतार, बीन, तबला अशी सारी वाद्ये गेली. पुढे ते गवई म्हणून गाजले. पण वाद्यावरचा त्यांचा हात कधी गेला नाही आणि कान तर वादकाचाच राहिला. नुसता गळा तयार केलेल्या गवयाला स्वर गळ्यात सापडतो. ज्याने सारंगी हाताळली आहे त्याला तो बोटाच्या नखाशी, तारेच्या एका केसाएवढ्या जागेवर सापडतो. आवाजाला ती जागा दाखविण्याचे काम खाँसाहेबांनी जन्मभर केले.

विशीच्या सुमारास धाकटे बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांचा तो काळ. गुणी मंडळींना दरबारात आश्रय होता आणि या तरुण गवयांनाही तो मिळाला. तेथेच सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. गवई मुसलमान, मुलगी मराठा सरदारघराण्यातील. तेव्हा पुढे काय झाले असेल याची कल्पना जुन्या घरांतील वाचकांना द्यावयास नको. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि दरबाराचे छत्र कायमचे सुटले. माझे वडील आपल्या करवीर दरबारचे सतारिये. कोवळ्या वयात ते चाकरीत लागले आणि थोड्याच वर्षांत, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे छत्र सुटलेल्या कलावंताचे पुढचे दिवस कसे जातात ते मी घरात पाहिले आहे. पगाराबरोबर वाद्याच्या देखभालीची सोयही जाते. दरबारात वाद्याची तार तुटली तर कारखानदाराला निरोप जाई. बाहेर पडल्यावर ती तार कलावंताने स्वतः शोधायची असते.

मुंबईहून खाँसाहेब पुढे मिरजेस आले आणि तेथेच त्यांचे घर झाले. मिरजच का, असा प्रश्न सहज मनात येईल. पटवर्धनांचे संस्थान, गाण्याची आवड असलेली जुनी घराणी, ख्वाजा मीरासाहेबांचे जागृत स्थान. आणि पुणे, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर अशा चारी वाटा जोडणारे रेल्वेचे जंक्शन. जलशांवर पोट असलेल्या गवयाला यापेक्षा सोयीचे गाव मिळाले नसते. प्लेगच्या दुखण्यातून आपण दर्ग्याच्या कृपेने उठलो, अशी खाँसाहेबांची श्रद्धा होती असेही मिरजेत सांगतात. या सर्वांच्या जोडीला मला आणखी एक कारण दिसते. वाद्याचे दुखणे समजणारे हात त्या गावात होते.

मिरजेतील वाद्यकामाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जातो. फरीदसाहेब नावाचे शिकलगार हे तेथील आद्य कारागीर. शिकलगार म्हणजे तलवारींना, भाल्यांना धार आणि पाणी देणारे. इंग्रजी अंमल पक्का झाला तशी संस्थानी फौजांची हत्यारे खुंटीला लागली आणि शिकलगारांचा धंदा बसला. त्याच वेळी पटवर्धनांच्या दरबारात गवयांची ये-जा वाढली होती. त्यांचे तंबोरे उत्तरेतून आणलेले. वाटेत भोपळा फुटला, घोडी बिघडली, तर दुरुस्त करणारे कोणी जवळ नव्हते. दरबारच्या सांगण्यावरून फरीदसाहेबांनी अशी वाद्ये उघडून पाहिली, दुरुस्त केली आणि पुढे स्वतः नवी करावयास घेतली, अशी तेथील परंपरा आहे. त्यांच्या वंशजांनी पुढे सतारमेकर हे आडनाव लावले. तलवारीला धार देणाऱ्या हाताने तारेच्या नादाला धार द्यावी, हा योग आपल्या या मुलखात घडला.

हे काम कसे चालते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण खाँसाहेबांचा मोठेपणा समजण्याची एक किल्ली त्यात आहे. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या खोऱ्यातून येतो. हा खावयाचा भोपळा नव्हे. तो कडू, जाड सालीचा, वेलावर भरपूर पोसू दिलेला आणि नंतर महिनोन्‌महिने वाळविलेला असतो. तो भिजवून कापतात, आतला गर व बिया खरवडून काढतात आणि काटक्यांचा आधार देऊन तोंड हवे तसे गोल करून पुन्हा वाळवितात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. हे लाकूड हलके, सरळ धाग्याचे, किडीला सहसा न बळी पडणारे. पण ते पुरते मुरलेले हवे. ओले लाकूड आज गोड बोलेल आणि येत्या उन्हाळ्यात वाकेल. भोपळा आणि दांडी जेथे जुळतात त्या सांध्याला गुलू म्हणतात. तंबोऱ्याचे अर्धे आयुष्य या सांध्यावर अवलंबून असते. मग पटाशीने कोरलेली पाने सांध्यावर बसतात, कडेने नक्षी येते, खुंट्या बसतात आणि चपड्याचे पॉलिश चढते.

हे सारे झाले तरी अजून ते वाद्य झालेले नसते. आतापर्यंत सुताराचे काम झाले. आता जवारी काढावयाची असते. तबलीवर जी घोडी असते तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. तो अगदी किंचित उतरता, कासवाच्या पाठीसारखा ठेवावा लागतो. तार त्या उतारावरून जाते आणि कंप पावताना त्याला हलकेच घासत राहते. तारेखाली सुताचा एक धागा सारून तो केसभर पुढे-मागे केला की एका ठिकाणी तंबोरा एकाएकी बोलू लागतो. एका तारेतून अनेक स्वर निघतात. खर्जाच्या पितळी तारेतून तर न छेडलेला गंधार स्पष्ट ऐकू येतो. पोलादी आणि पितळी चार तारांतून स्वरांचा एवढा संसार कसा उभा राहतो, याचे शास्त्रज्ञांनाही कुतूहल वाटले. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला आणि या वक्र घोडीमुळे, एरवीच्या नियमाने जे उपस्वर उमटू नयेत तेही उमटतात, हे दाखवून दिले. मिरजेच्या कारागिराला ते नियम ठाऊक नव्हते. पण घोडीवर कानस किती फिरवायची आणि कोठे थांबायचे ते त्याला ठाऊक होते. एक हात जास्त फिरला की घोडी वाया जाते.

आता खाँसाहेबांच्या गाण्याकडे वळू. त्यांची पट्टी उंच, आवाज बारीक, टोकदार आणि अतिशय गोड. दमदार तानांनी मैफल जिंकावी असा त्यांचा पिंडच नव्हता. एक स्वर घ्यावा, त्याला शेजारच्या स्वराकडे सावकाश झुकवावे, आणि त्या प्रवासातील प्रत्येक ठिकाण श्रोत्याला दिसू द्यावे, ही त्यांची रीत. या लडिवाळ स्वरलगावाला त्यांच्या तरुणपणी रहिमत खाँसाहेबांच्या गाण्याचाही स्पर्श झाला होता. रहिमत खाँ आपल्या जवळच्या कुरुंदवाडास राहिले आणि १९२२ साली तेथेच वारले, हे वाचकांना स्मरत असेलच. आपल्या कोल्हापुरात त्याच काळी अल्लादिया खाँसाहेबांची गायकी नांदत होती. ती लयीच्या पेचात बांधलेली, एका श्वासात तीन आवर्तनांचा हिशोब ठेवणारी, बुद्धीला आव्हान देणारी. दोन्ही थोर, पण दोहोंना तंबोरा लागतो तो वेगळ्या कारणाने. अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्याला तंबोरा ही भक्कम जमीन आहे. करीम खाँसाहेबांच्या गाण्याला तो आरसा आहे. गळ्यातून निघालेला गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी मिळाला की दोन्ही एकमेकांत विरून जातात आणि आवाज कोठला व तार कोठली हे उमगेनासे होते. तो मिळाला नाही तर आरशातला डाग तत्काळ दिसतो.

म्हणून बिघडलेल्या तंबोऱ्याबरोबर गाणे त्यांना शक्यच नव्हते, आणि म्हणूनच वाद्यदुरुस्तीची विद्या त्यांनी स्वतः हस्तगत केली होती. ते उत्तम जवारी काढीत, वाद्यांची लहानमोठी दुरुस्ती स्वतःच्या हाताने करीत. गाण्याच्या बैठकीत मान मिळविणाऱ्या पुरुषाने कानस, पटाशी हाती धरावी हे त्या काळच्या दरबारी शिष्टाचारात बसणारे नव्हते. गवयाची पायरी वेगळी, वाद्ये करणाऱ्याची वेगळी, अशीच समजूत होती. आणि खोटे कशाला बोला, ती आजही गेलेली नाही. खाँसाहेबांनी ती पायरी ओलांडली. कारागिराच्या कामाची परीक्षा त्याच्याच हत्याराने करता येणारा गवई समोर बसला की कारागिराचे कामही बदलते. पॉलिश कसे चमकते यापेक्षा खर्जाची तार किती वेळ बोलते याची त्याला काळजी लागते. मिरजेचा तंबोरा पुढे हिंदुस्थानभर गेला, त्यामागे अशा तिखट कानांच्या गिऱ्हाइकांचा वाटा मोठा आहे.

माझे वडील तंबोरा खरेदी करणाऱ्या शिष्यांना एक गोष्ट नेहमी करावयास लावीत. कारखान्यात गेल्यावर प्रथम डोळे मिटावयाचे, कोरीव पाने पाहावयाची नाहीत. तार छेडून, तिचा नाद पूर्ण विझेपर्यंत थांबावयाचे आणि मगच हात फिरवून लाकूड पाहावयाचे. किराण्याचे गाणे त्यांच्या पठडीतले नव्हते. तरी ही शिस्त खाँसाहेबांच्या मिरजेची आहे, असे ते आवर्जून सांगत. आज मी माझ्या वर्गात तीच शिस्त ठेवतो.

त्यांच्या कानाची कीर्ती पंडितांपर्यंतही पोहोचली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आपल्या ग्रंथांतील बावीस श्रुती प्रत्यक्ष गळ्यातून कोठे लागतात याचे मोजमाप त्यांनी आरंभिले होते आणि १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानेही त्यात लक्ष घातले. त्यांचे पुस्तक १९१३ सालचे. या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याचे साह्य झाले. या खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे मांडली गेली. तेथे ती मान्य झाली नाही, आणि पुढेही ती गवयांच्या हाती रुळली नाही. याचा अर्थ खाँसाहेबांचा कान चुकला असा नव्हे. पेटीचा स्वर एकदा बसविला की बसला. तो रागाप्रमाणे वर-खाली सरकत नाही. तंबोरा मात्र प्रत्येक बैठकीत नव्याने मिळवावा लागतो आणि गवयाच्या आवाजाप्रमाणे, हवेप्रमाणे, रागाप्रमाणे आपले बोलणे बदलतो. सुट्या भागांच्या यंत्राने जे साधले नाही ते भोपळ्याच्या आणि तुणीच्या लाकडाच्या वाद्याने साधत होते. खाँसाहेबांनी पेटीला गळा दिला, पण गाताना जवळ घेतला तो तंबोराच.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्यांना जवळ ठेवून शिकवावयाचे, ज्याची ऐपत नाही त्याचा खर्च शाळेने सोसावयाचा, आणि तो खर्च गुरूने जलसे करून उभा करावयाचा, असा तो संसार होता. त्याआधीच कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे अनेक वर्षे राहून तयार झाले होते. तेच पुढे सवाई गंधर्व म्हणून विख्यात झाले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, दशरथबुवा मुळे, बेहरेबुवा, आपल्या कोल्हापूरचे विश्वनाथबुवा जाधव, पुढच्या काळातील रोशनआरा बेगम, ही नावे घेतली म्हणजे त्या तालमीचा आवाका ध्यानात येतो.

मिरजेहून दक्षिणेकडे जाणारी गाडी बेळगाव, धारवाड, हुबळी करीत म्हैसूरकडे जाते. या वाटेवर खाँसाहेबांचे जाणे-येणे अखंड चालले. म्हैसूर दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. तेथे त्यांनी कर्नाटक संगीत नुसते ऐकले नाही, ते अभ्यासिले. सरगमेचा जो मोहक वापर त्यांच्या गाण्यात आला त्याचे मूळ तेथे आहे. त्यागराजांची एक कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली, आणि त्या काळच्या उत्तर हिंदुस्थानी गवयाच्या हातून घडलेली ही गोष्ट लहान नव्हे. आज आपण ज्याला सीमाभाग म्हणतो तेथील गाणे दोन भाषांच्या घरांत वाढले. कुंदगोळ, हुबळी, धारवाडातून सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी निर्माण झाले ते याच गाडीच्या वाटेवर. खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकूनच लहानग्या भीमसेनाने घर सोडले, ही कथा तर सर्वश्रुत आहे.

घरची कथा मात्र दुःखाची झाली. ताराबाईंनी १९२२ च्या सुमारास मुलांसह घर सोडले. मुलांनी माने आणि बडोदेकर ही नावे लावली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही ती थोर भावंडे. हिराबाईंनी स्त्रियांच्या गाण्याला तिकिट लावलेल्या सभ्य जलशाची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि सुरेशबाबूंनी मोजके पण कायमचे लक्षात राहणारे गाणे मागे ठेवले. पित्याचे नाव त्यांच्या नावापुढे राहिले नाही, स्वर राहिला. आधी दरबार सुटला, मग घर सुटले. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत, आणि विशेषतः अखेरच्या काळातील ओडियन कंपनीच्या तबकड्यांत, त्यांच्या आवाजाला जी आर्तता आली ती ऐकताना मी हे विसरू शकत नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या भैरवीत आणि झिंझोटीत मागे तंबोरा वाजतो. यंत्राच्या खरखरीतूनही तो ऐकू येतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रथम तोच ऐकावयास सांगतो.

या लेखाला निमित्त झाले ते बेळगावच्या वडगावात. गेली काही वर्षे मी तेथे गाणे शिकवितो. वडगाव, शहापूर, खासबाग हा मागवाल्यांचा मुलूख. शहापूर तर सांगली संस्थानाच्याच ताब्यात होते, त्यामुळे मिरज-सांगलीशी या भागाचे जुने नाते आहे. तिथल्या एका वृद्ध वीणेकऱ्याचा सत्कार करावयाचे ठरले. जन्मभर दिंडीत आणि भजनात गळ्यात वीणा अडकवून उभा राहिलेला तो माणूस. शाल, श्रीफळ यांच्या जोडीला लाकडात कोरलेली हातभर वीणा द्यावी असे मंडळींनी ठरविले आणि काम गावातल्याच एका सुताराकडे गेले. मी दोन-तीनदा त्याच्या दुकानात जाऊन बसलो. त्याने शिवणीचा ठोकळा घेतला, भोपळा अखंड लाकडातच गोल केला, पटाशीने पाने काढली, खुंट्यांचे माथे कोरले. नंतर घोडीपाशी येऊन तो अडला. तारा नसतील तर ही घोडी करावयाची कशाला, हा त्याचा प्रश्न होता. शोभेची वस्तू आहे, तारांची गरज नाही, असे त्याला सांगून झाले. तरी त्याने स्वतःच्या खर्चाने पितळी तार आणली, घोडीला भोके न पाडता वरून ओढून बसविली आणि खुंट्या खरोखरच फिरतील अशा केल्या.

सत्काराच्या दिवशी भाषणे झाली, देणगीदारांची नावे वाचून दाखविण्यात आली. वीणेकरीबुवांनी ती लहानशी वीणा हाती घेतली. एक खुंटी हळूच पिळली, तार छेडली आणि कानाजवळ नेली. भरीव लाकडातून नाद तो किती निघणार! तरी ते हसले आणि त्यांनी डोळ्यांनी कोणाला तरी शोधले. सुतार मंडपाच्या खांबाशी मागे उभा होता. त्याचे नाव कोणी घेतले नव्हते. वीणेकऱ्याने मात्र त्याला ओळखले, कारण तार ओढण्याचा हट्ट कोणी केला असेल हे त्याला न सांगता कळले. दोघांच्या मध्ये जो मान त्या क्षणी दिला-घेतला गेला त्यात आम्हा बाकीच्यांचे काही काम नव्हते. खाँसाहेब आणि मिरजेचे कारागीर यांच्यामधला व्यवहार असाच असला पाहिजे.

खाँसाहेबांचा अखेरचा प्रवास १९३७ साली झाला. मद्रासकडचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीस अरविंद आश्रमाकडे निघाले होते. वाटेत गाडीतच त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. रात्रीची वेळ, अनोळखी मुलूख. त्यांनी फलाटावर बिछाना घालावयास लावला, तंबोरा मिळविला, ईश्वराचे स्मरण करून दरबारी कानड्याचे स्वर घेतले आणि तेथेच देह ठेवला. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. म्हैसूरची पदवी, संस्थानिकांच्या बिदाग्या, जलशांत मिळालेली पदके यांपैकी काहीही त्या फलाटावर उपयोगी पडणारे नव्हते. उपयोगी पडला तो तंबोरा. कोणीतरी कधीतरी भोपळा वाळविला होता, तूण मुरविली होती, गुलू पक्का बसविला होता; म्हणून इतक्या प्रवासानंतर, मध्यरात्री, मरणाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला षड्ज बिनचूक सापडला. गवयाचा याहून मोठा सत्कार कोणत्या दरबाराने केला असेल असे मला वाटत नाही.

मिरजेचे काम आजही चालू आहे. पण ते सोपे राहिलेले नाही. चांगले भोपळे लावणारे शेतकरी कमी झाले, कारण ऊस अधिक पैसा देतो. जुने मुरलेले लाकूड महाग झाले. सांबरशिंगाची घोडी वन्यजीव कायद्याने गेली आणि तिच्या जागी इतर साहित्य आले. सर्वांत मोठा फटका विजेच्या तंबोऱ्याचा, आणि आता तर खिशातल्या मोबाइलमध्येच तंबोरा मिळतो. माझे विद्यार्थीही घरी सरावाला तोच लावतात आणि त्यांना मी मना करीत नाही. गरिबाच्या मुलाला जोड तंबोरे कोठून परवडणार? पण तो तंबोरा मिळवावा लागत नाही, आणि जे मिळवावे लागत नाही त्याने कान तयार होत नाही. आठवड्यातून एकदा तरी मी त्यांना खरा तंबोरा मांडीवर देतो आणि जवारीचा धागा त्यांच्याच बोटांनी सरकवायला लावतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण आले, ही आनंदाची गोष्ट आहे. आता माणसांच्या नावांकडे पाहिले पाहिजे. आपल्या जुन्या घरांतून अजूनही मिरजेचे तंबोरे आहेत. कित्येक ठिकाणी ते दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गवसणीत उभे आहेत. वाचकांनी ती गवसणी एकदा काढावी. दांडीवर किंवा भोपळ्याच्या आत करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असेल तर वाचून ठेवावी, घरातील मुलांना ते नाव सांगावे, आणि तारा उतरल्या असतील तर मिरजेला नेऊन जवारी काढून आणावी. आणि यापुढे आपल्याकडे कोणा कलावंताचा सत्कार होईल, त्याच्या हाती कोरीव मानचिन्ह दिले जाईल, तेव्हा ते कोरणाऱ्यालाही व्यासपीठावर बोलवावे. खाँसाहेब सभेत असते तर त्यांनी आपली जागा त्याला करून दिली असती, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.